छताखालचा नेम

पांढुर्ण्याच्या मोटार स्टँडवर सौसरच्या बसची रांग लागली होती. मास्तरीण सुधाबाई रिबिनींचं पुडकं उराशी धरून उभ्या होत्या. पुढं एक ठेकेदार नि त्याचा मिस्त्री कुजबुजत होते.

“एकवीस दिवस छताखाली ठेवाचे टेकू तुम्ही बाराव्या दिवशीच काढाले लावले, केशवराव.”

“मंग काय करू, गुणवंता? एक नोव्हेंबरपासून नागपूर बंबईकडे जाते, आपण भोपाळकडे. ह्या साहेबानं उद्या पोरींची शाळा पास नाही केली, तर नवा साहेब आपल्याले ओळखते का?”

“आपलं काम ओळखते ना! वीस वर्सांत एक छत खचलं नाही. काऊन? टेकू निघाले का तुम्ही आन मी दिवसभर खाली बसत होतो. तुमच्या बाबाचा नेम होता थो.”

“मालूम आहे मले.”

“मंग यावेळी काऊन नाही बसले?”

“तू तरी कुठं बसला?”

“मले लेकरं आहेत. तडा पाह्यला मी.”

“हळू बोल! चुना फासला ना त्याच्यावर?”

“फासला.”

सुधाबाईंच्या हातून पुडकं सुटलं. गुणवंतानं वाकून रिबिनी गोळा केल्या.

“एवढ्या रिबिनी, बाई?”

“छत्तीस पोरी आहेत माझ्या. उद्या नव्या शाळेत साहेबांपुढं गाणं म्हणणार आहेत.”

त्या केशवरावांकडे वळल्या.

“भाऊ, तुमचा नेम उद्या पाळा. पोरींच्या मधात येऊन बसा.”