उताराचं वजन

सून: थांबा बाबा, बारला हात लावू नका. आधी मला पायाकडच्या फळ्या काढू द्या.

सासरे: कसल्या फळ्या?

सून: वाकून बघा. तुमचे पाय येतात ना, त्या बाजूला बेंचखाली.

सासरे: अरेच्चा. हे कधी केलं? बेंच डुगडुगत होता की काय?

सून: बेंच ठणठणीत आहे. फळ्या मी ठेवते. तुम्ही यायच्या आधी ठेवते आणि तुम्ही गेलात की काढते.

सासरे: रोज?

सून: रोज. पहिला आठवडा सोडून.

सासरे: हे बघ सूनबाई, मी पडलो गॅरेजवाला माणूस. तुमच्या जिममधल्या भानगडी मला कळत नाहीत. इथले लोक तुला मॅडम मॅडम म्हणतात, तू ऊठ म्हटलं की उठतात, मीही उठतो. पण आज घाई आहे मला. गॅरेजातला लंबू न्यायला येतोय, टेम्पोचा गिअरबॉक्स चढवायचाय. काय ते सरळ सांगून टाक.

सून: गिअरबॉक्स चढवायचाय म्हणूनच सांगतेय. सकाळी आई म्हणाल्या की आज जड बाजू तुम्ही घेणार आणि लंबूभावजी हलकी. खरं आहे?

सासरे: खरं म्हणजे काय, त्यानेच दिली. गेल्या आठवड्यात तो इथे आला होता, तूही होतीस की. मी दोन्हीकडे तीन-तीन प्लेटा लावून उचलल्या. आणि तो पठ्ठ्या त्या कोपऱ्यातल्या तिरक्या बेंचवर दोन-दोन लावून लालबुंद. मी म्हटलं, अरे, ताडासारखा वाढलास तो काय नुसता बल्ब बदलायला? गॅरेजमध्ये चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाला, उस्ताद, तुमचा हात परत आला, आता तुमची बाजू तुम्ही घ्या. जिन्यावरून पडायच्या आधी माझीच होती ती.

सून: बाबा, त्यांच्या दोन आणि तुमच्या तीन, यांची बरोबरी होत नाही.

सासरे: का? त्याचं लोखंड वेगळं आणि माझं वेगळं?

सून: लोखंड एकच. अंग टेकायची तऱ्हा वेगळी. फळ्यांमुळे तुमचे पाय वर जातात आणि डोकं खाली. तसं झोपलं की बारला कमी अंतर जावं लागतं आणि खांद्यावर भार कमी येतो. माणूस जास्त वजन उचलतो. सपाट झोपलं की त्याहून कमी. आणि लंबूभावजींसारखं पाठ वर करून तिरकं टेकलं की सगळ्यात कमी, कारण मग खांद्यालाच राबावं लागतं.

सासरे: म्हणजे उताराला गाडी न्यूट्रलमध्येसुद्धा पळते, तसं.

सून: तसंच.

सासरे: आणि लंबू चढाला होता.

सून: हो.

सासरे: फरक असेल, मी नाही म्हणत नाही. पण असून असून किती असणार? काढ त्या फळ्या. प्लेटा तीन-तीनच राहू देत.

सून: आधी दोन लावून बघू.

सासरे: राहू देत म्हटलं ना.

सून: बरं. मी डोक्यापाशी उभी राहते.

(बार छातीवरून अर्ध्यापर्यंत जातो आणि तिथेच अडतो. सून तो धरून स्टँडवर ठेवते.)

सासरे: कोणी बघितलं का?

सून: कोणी नाही. दुपारी या वेळेला इथे चिटपाखरू नसतं.

सासरे: तू बघितलंस.

सून: मी घरची आहे.

सासरे: घरची. घरच्या माणसाने असं करायचं असतं होय? मला काय कुक्कुलं बाळ समजलीस? हातात खुळखुळा दिलास आणि मी आपला बसलो वाजवत. अख्ख्या गॅरेजला सांगितलं मी. तुझ्या सासूला दंडाला हात लावून बघायला लावला. तोंडावर सांगायचं होतंस, बाबा, तुम्ही संपलात.

सून: ते तुम्हीच म्हणाला होतात. पहिल्या आठवड्यात. आठवतं?

सासरे: नाही आठवत.

सून: मला आठवतं. प्लेट न लावता नुसता बार दिला होता मी. तो तुम्ही सपाट झोपून उचलायला गेलात आणि खांद्यातून कळ आली. मग त्या पाण्याच्या मशीनपाशी भिंतीकडे तोंड करून बसलात. मला म्हणालात, पोरी, मला भंगारात घालून ये, किलोवर काय येतील ते घे. घरी आल्यावर जेवला नाहीत. कोणाशी बोलला नाहीत. आई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी ताटाकडे.

सासरे: मग?

सून: मग फळ्या ठेवल्या. तो व्यायाम खोटा नाही बाबा. ऑपरेशन झालेल्या खांद्याला तसं हळूहळूच वळवावं लागतं. आठ-दहा दिवसांनी सांगणार होते, देवाशप्पथ. पण ज्या दिवशी तुम्ही पहिली प्लेट उचललीत, त्या दिवशी घरी जाऊन माझ्या छकुलीला कडेवर घेतलंत. पडल्यापासून पहिल्यांदा. ती तुमचे कान ओढत होती आणि तुम्ही ओढू देत होतात. मग माझी जीभच रेटेना.

सासरे: आणि गेल्या आठवड्यात? मी लंबूची टर उडवत होतो तेव्हा तर तू चार हातांवर होतीस.

सून: होते. तेव्हा बोलायलाच हवं होतं. तिथे माझं चुकलं, आणि साधंसुधं नाही चुकलं.

सासरे: नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझी तऱ्हाच उलटी. अंगण वाकडं होतं म्हणून तर मी नाचत होतो.

सून: हसू नका बाबा. मला रडू येतंय.

सासरे: मी कुठे हसतोय.

सून: पाणी देऊ?

सासरे: नको. मला एक सांग. गॅरेजच्या खड्ड्यात, गाडीखाली, मी काही झोपून काम करत नाही. उभा असतो. जॅक गिअरबॉक्स वर नेतो, पण त्या गाडीला शेवटचं वीतभर तो पोचत नाही. तेवढं दोघांनी खालून हाताने रेटायचं. हात असे, डोक्याच्या वर. मग ते तुझ्या हिशेबात काय झालं?

सून: तुम्हीच सांगा.

सासरे: चढ.

सून: त्या बेंचपेक्षाही उभा चढ.

सासरे: चल, मला त्या लंबूच्या बेंचवर बसव. किती लावू?

सून: एक-एक.

सासरे: एक-एक? एवढीच?

सून: एवढीच. पाठ टेका. श्वास घ्या. हं, वर. छान. परत. डावा हात मागे पडतोय बाबा.

सासरे: कळतंय मला.

सून: ठेवा आता.

सासरे: अजून एकदा.

सून: ठेवा म्हणते ना. तो हात थरथरतोय.

सासरे: आणि लंबू याच्यावर दोन-दोन उचलतो.

सून: उचलतात. तुम्ही चिडवत होतात, तेव्हा उचलता उचलता तुम्हाला उत्तरंही देत होते.

सासरे: आणि मी त्याला म्हणालो, बल्ब बदलायला.

सून: बाबा, आज नका उतरू खड्ड्यात.

सासरे: असं कसं नको? सगळे वाट बघत असतील. आता कुठल्या तोंडाने माघार घेऊ? अगं, वीतभराचं तर काम. दात-ओठ खाऊन रेटेन. इतकी वर्षं रेटत आलोच ना.

सून: आणि हात सुटला तर?

सासरे: सुटला तर माझ्या अंगावर येईल. माझं मी बघून घेईन.

सून: तुमच्या अंगावर नाही येणार. तुम्हीच एकदा जेवताना सांगितलं होतंत. जड बाजूवाल्याचा हात सुटला की सगळं धूड हलक्या बाजूवाल्यावर कलंडतं. त्याला सरकायलाही जागा नसते, मागे भिंत.

सासरे: कशाला ऐकतेस जेवताना एवढं लक्ष देऊन.

सून: तुमचा राग मला चालेल. महिनाभर बोलू नका माझ्याशी, मी दोन वेळचं ताट वाढीन आणि गप्प बसेन. पण भावजींना काही झालं, तर त्यांच्या बायकोसमोर मी कशी उभी राहू? तिला काय सांगू, माझ्या सासऱ्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले?

सासरे: पुरे.

सून: तुम्हाला जड जात असेल तर मी सांगते त्यांना. म्हणते, ट्रेनरने मनाई केली.

सासरे: तू एक अक्षर बोलायचं नाहीस. माझं तोंड अजून शाबूत आहे.

लंबू: येऊ का आत? वहिनी, बूट काढू का बाहेर?

सून: राहू द्या भावजी, या तसेच.

लंबू: उस्ताद, चला लवकर. खड्डा झाडून ठेवलाय, दिवा लावलाय. शेठ स्वतः खुर्ची टाकून बसलेत. म्हणाले, आज म्हाताऱ्याचा हात बघू.

सासरे: शेठही बसलेत?

लंबू: सगळेच थांबलेत. वेल्डरने तर चहासुद्धा काम झाल्यावर सांगितलाय.

सासरे: बस जरा.

लंबू: उशीर होईल उस्ताद.

सासरे: होऊ दे. लंबू, मला जड बाजू दिलीस तेव्हा तुझ्या मनात काय आलं?

लंबू: काय यायचंय? बरं वाटलं. उस्ताद परत आले.

सासरे: खरं सांग.

लंबू: खरंच सांगतोय.

सासरे: माझ्याकडे बघून सांग.

लंबू: भीती वाटली, उस्ताद. घरी बोललो मी. ही म्हणाली, एकदा विचारून तर बघ, खांदा नीट भरलाय का. मी तिलाच ओरडलो. म्हटलं, ज्यांनी मला पान्हा धरायला शिकवलं, त्यांना मी विचारू, तुम्हाला झेपेल का म्हणून?

सासरे: आणि तसाच उतरणार होतास माझ्याबरोबर?

लंबू: हो.

सासरे: भिंतीकडच्या बाजूला?

लंबू: हो, हलकी बाजू तीच ना.

सासरे: गाढव आहेस.

लंबू: हो उस्ताद.

सासरे: आता नीट ऐक. माझा हात अजून आलेला नाही. त्या दिवशी मी तीन-तीन उचलल्या, ते उताराचं वजन होतं. तू उचललंस ते चढाचं. मी आत्ता तुझ्या बेंचवर बसून बघितलं. एक-एक प्लेट लावली तर हात लटपटला माझा. त्या दिवशी तुझं वजन माझ्यापेक्षा भारी होतं, आणि मी चारचौघांत तुला हसलो.

लंबू: जाऊ द्या हो उस्ताद. हसण्यावारी तर बोललात.

सासरे: जाऊ कसं देऊ? जड बाजू तुझी. आणि हलकीला वेल्डरला घे. त्याचे खांदे चांगले आहेत, फक्त त्याला बडबड करू देऊ नकोस.

लंबू: पण शेठना काय सांगायचं?

सासरे: ते मी सांगेन. तुला सांगितलं तसंच, सगळ्यांसमोर. सूनबाई, माझी पिशवी दे. आणि डोळे पूस, लोक यायला लागतील. मॅडम रडताना दिसल्या तर कोण तुझं ऐकणार?

सून: रागावलात ना माझ्यावर?

सासरे: रागावलोय. चांगलाच रागावलोय. संध्याकाळपर्यंत रागावणार आहे. उद्या याच वेळेला येतो.

सून: कुठला बेंच लावून ठेवू?

सासरे: चढाचा. आणि प्लेट लावू नकोस.

लंबू: पण उस्ताद, मग आज तुम्ही काय करणार गॅरेजमध्ये येऊन?

सासरे: वर टेम्पोच्या केबिनमध्ये बसतो. तुम्ही खालून चढवा, मी वरून नट लावतो.

लंबू: नट? तुम्ही? उस्ताद, ते तर काल कामाला लागलेला माणूसही लावतो.

सासरे: मग मी कालच लागलोय असं समज.