आमचे मालक पायलट झाले

माझं माहेर वाशीकडं, मला दिलं शेजारच्याच भूम तालुक्यात. दोन्हीकडं म्हशीच. सासऱ्यांची खव्याची भट्टी होती, लग्नाच्या दुसऱ्या सकाळी म्या तिच्यापुढं बसले ती लेकरं मोठी होईपर्यंत उठलेच न्हाय. काय सांगू तुला, दूध आटवणाऱ्या माणसाचा सभावच संशयी होतो. कुणी किटली आणली की त्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाय, नखावर थेंब घ्यायचा, थांबतोय का पळतोय ते बघायचं. सख्खी नणंद दूध घेऊन आली तरी म्या नख पुढं करायची. ती म्हणायची, वहिनी, भावाच्या घरी पाणी घालंन का मी. म्या म्हणायची, घालणार न्हाईस, पण बघू तर दे.

मग सगळंच हलायला लागलं बघ. डेअरीची गाडी दारात येऊन दूध न्यायला लागली, सरपण मिळंना, खवा कधी जायचा कधी पडून राहायचा. पुण्याला कंपनीत गेलेली पोरंबी काम सुटून माघारी आली, पारावर बसली. आन् अशात आमचे मालक एक दिवस उलथनं खाली ठेवून म्हणाले, म्या पायलट होणार. म्या म्हणलं, धूर डोळ्यात गेला का डोक्यात. ते म्हणाले, इमान न्हाय गं, ड्रोन, शेतावर औषध फवारायचं उडतं यंत्र, ते चालवणाऱ्यालाबी पायलटच म्हणतात.

मला काय पटलं न्हाय. ट्रेनिंगला बोलवणारा ड्रोन कंपनीचा माणूस फोनवर लई गोड बोलायचा, भाव पाडायच्या आधी व्यापारी बोलतो तसं. पण म्हशी इकल्या, भट्टी मोडली आन् हे गेले शहरात. आले ते छातीवर बिल्ला लावून आले. यंत्र शेतकऱ्यांच्या गटाचं, चालवायचं ह्यांनी. नळावर बाया म्हणायच्या, काय पायलटीणबाई, इमान कुठं लावलंय, गोठ्यात का? म्या हसायची, पण आतून धाकधूक. गोठा तर रिकामाच होता. हे चाललं न्हाय तर माघारी जायला काय उरलंच नव्हतं.

पहिलं काम भानुदासतात्यांचं. शेजारचेच, त्यांच्या सोयाबीनवर अळी पडली होती. अर्धं गाव बांधावर आलं. म्या मात्र आधीच जाऊन पिकावर एक पांढरं फडकं अंथरून ठेवलं होतं, कुणालाच सांगितलं न्हाय, मालकालाबी न्हाय. म्हणलं, वरून खरंच काय पडतंय का नुसता वारा येतोय, बघावं तरी.

यंत्र भुंग्यासारखं गुणगुणत गेलं आन् आलं. तात्या पिकात शिरले, पान हातात घेतलं आन् म्हणाले, पायलटसाहेब, औषध मारलं का नुसता पंखा फिरवला? आमच्याकडं पाठीवरच्या पंपानं पान निथळंपर्यंत मारायची सवय, आन् हे बारीक तुषारासारखं, हाताला लागतबी न्हाय. मालक सांगायला लागले की ह्याला पाणी थोडंच लागतंय, तर मागून कुणीतरी म्हणलं, भट्टीवाले हायत, पाणी आटवलं असंल. सगळे हसले. मालकाचं तोंड एवढंसं झालं.

तवा म्या काठीनं फडकं उचललं. अर्ध्यावर बारीक बारीक ओले ठिपके, दाट. आन् अर्धं कोरडं ठाक. वाऱ्यानं एक पट्टाच्या पट्टा सुटला होता. काय सांगू तुला, त्या घडीला वाटलं, कोरडी बाजू आत दुमडावी आन् ओली तेवढी दाखवावी. माझाच नवरा, माझंच घर. कुणाला कळणार होतं? पण जलमभर दुसऱ्याचं दूध तपासलं, आता आपल्याच घरचं कसं सोडू? म्या फडकं पुरं पसरलं. म्हणलं, तात्या, औषध पडतंय, हे बघा. पण ह्या पट्ट्यात पडलं न्हाय, इथं परत मारावं लागंल.

मालक दातओठ खाऊन म्हणाले, घरात सांगायचं होतं की. म्या म्हणलं, पीक घरात हाय का? वारा पडंपर्यंत थांबले आन् तेवढा पट्टा त्यांनी परत मारला. तात्या म्हणाले, नवरा पायलट आन् बायको फौजदार.

अळी गेली. औषधानं गेली का मागून पाऊस झाला त्यानं, म्या काय पैज लावणार न्हाय. पण आता फोन येतात तर लोक आधी इचारतात, फौजदारीणबाई येणार का? त्या येणार असतील तरच या. त्या दिवशी फुगलेले मालक तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, चल, आवर, फवारणीला जायचंय.

तवापास्नं म्या संगं जाते. कंपनीवर माझा अजून इश्वास न्हाय, यंत्रावर तर न्हाईच न्हाय, उद्या ह्याच्यापेक्षा दुसरं काय निघंल आन् हेबी मोडीत जाईल. पण भट्टीवर ह्या माणसानं मला कधी काय इचारलं नव्हतं बघ. आता बटन दाबायच्या आधी माझ्याकडं बघतात, म्हणतात, वारा कसा वाटतोय गं? म्या म्हणलं थांबा, की थांबतात. चालंल तितकं चालू दे बाबा देवा.