सहा तासांत न्यूयॉर्क

टेबलावर एक पृथ्वीगोल, एक दोरा, एक फूटपट्टी, दोन चष्मे आणि तिकिटाचा एक कागद — सहा वस्तू, मंडळी! आणि प्रश्न एकच: चूक कबूल करायला माणसाला किती वेळ लागतो? लगेच माना डोलवू नका, आधी ऐका!

साताऱ्याचे दिगंबरराव सोनटक्के, जमीन मोजणी खात्यातून निवृत्त. लेक मृणाल मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेली. दिगंबररावांनी गोलावर दोरा ताणला — साडेबारा हजार किलोमीटर! तिकीट पाहिलं — सुटणार रात्री एकला, पोहोचणार सकाळी सातला. झालं! बायकोला म्हणाले, "इंदू, सहा तास. मिनिट इकडचं तिकडे होणार नाही!"

म्हणजे ताशी दोन हजारांच्या वर वेग! शंका यायला नको? आली हो! पण म्हणाले, "हल्ली विमानं सुधारलीत."

आता इंदूताईंची रीत अशी — प्रवासातलं माणूस पोहोचल्याचा फोन आल्याशिवाय तोंडात घास नाही. सातला फोन येणारच, म्हणून पावणेसातला मधुमेहाची गोळी घेऊन बसल्या. गोळी पोटात, पोट रिकामं! सात वाजले. आठ. दहा. फोन नाही! दिगंबररावांनी पुन्हा दोरा लावला — तेवढाच भरला! मग विमान आहे कुठे?

बाराला चौकशीचा नंबर फिरवला. पलीकडची मुलगी म्हणते, "विमान वेळेवर आहे, काका."

"वेळेवर? पाच तास होऊन गेले!"

"काका, तिकिटावरचे सात तिथले. तिथे आत्ता रात्रीचे अडीच वाजलेत. प्रवास साडेपंधरा तासांचा. आपल्याकडे साडेचार वाजतील तेव्हा उतरेल."

फोन ठेवला. पस्तीस वर्षं लोकांच्या बांधाच्या चुका काढणारा माणूस — बसला गोल फिरवत! आतून हाक आली, "अहो, काय म्हणाले?"

"लाइनच लागत नाही!"

तिसऱ्या रांगेतले काका, हसू नका! मी तुमच्याकडे बघून म्हणत नाही!

साडेचारला फोन येईलच, मग आत्ता सांगायचं कशाला? असंही मनात आलं. आणि आत इंदूताईंना घाम फुटलेला, हात कापतोय! भांडं पडलं — तेव्हा उठले. दारात उभं राहून म्हणाले, "इंदू, चुकलं माझं. तास मी चुकीचे मोजले. विमान वेळेवर आहे."

"म्हणजे पोर सुखरूप आहे?"

"हो. अजून हवेत आहे."

"मग तोंड कशाला शिवलं होतंत? मला वाटलं, पडलंच विमान! राहू दे ती रीत — आधी तो गूळ द्या इकडे!"

दिला, मंडळी! पाच मिनिटांत हात कापायचा थांबला. मृणाल साडेचारला उतरली.

आता घरी जा आणि तुमचंही मोजा. दिगंबररावांनी मोजलंय. टेबल ते स्वयंपाकघराचं दार — अकरा फूट. लागलेला वेळ — चाळीस मिनिटं.