लाल तं झालंच नाही

आता तुमीच सांगा, लाल झाल्याशिवाय माणसानं गॅसचा जाळ मागं घ्यावा तं कावून घ्यावा? पस्तीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटात वेल्डिंग केलं मी! लोखंड कसं, आधी सांगते. पहिले लालसर होते, मंग लाल, मंग नारंगी, मंग आपण म्हणतो, हं, आता जमलं. अन् हे ॲल्युमिनियम? पांढरं ते पांढरंच! मी आपला जाळ धरून पाहून राहिलो, पाहून राहिलो… अन् भदकन नावेच्या बुडाले ताटलीएवढं भोक. लाल तं झालंच नाही ना!

हो, नावेच्याच. आता तुमी म्हणसान, शेषराव, भिलाईत, रिसालीतल्या घराच्या अंगणात मोटरबोट कायले? दूधवालाबी तेच इचारते. गल्लीत तं म्हणते, शेषरावले रिटायरमेंट चढली.

तुमाले सांगतो… आमची कांता. तिचं माहेर वैनगंगेच्या धरणात गेलं. घर, विहीर, चिंचेचं झाड, सारं पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं का फक्त महादेवाच्या देवळाचा कळस वर येते. इतकी वर्षं ही बाई एका अक्षरानं बोलली नाही. तिची भावजय फोनवर रडे, अन् ही तिलेच समजावे. मले वाटलं, चाला, विसरली. अन् औंदा पोळ्या लाटता लाटता लाटणं खाली ठेवलं अन् म्हणे, "मले एकदा त्या कळसाले हात लावू द्या." बस, एवढंच म्हणलं, अन् मंग जे रडली ना… तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली, मले उलथवाचं सुचलं नाही.

मंग काय करतो! कबाड्याकडून जुनी नाव आणली. गेटातून शिरे ना, तं चौघांनी भिंतीवरून उतरवली. इंजिन खोललं, साफ केलं, फटफट बोललंबी! राहिली होती बुडाची एक चीर. बोटभर चीर! जाळ लावला तं गल्लीतले सारे रिटायर गोळा. तेजराम, आमचा शेजारी, ब्लास्ट फर्नेसचा माणूस, चष्मा वर करून म्हणे, "रुक ना शेषराव, अभी कलर कहाँ आया?" सारे प्लांटचे डोळे, सारे रंगाची वाट पाहून राहिले. एकालेही कळलं नाही का हे बेनं लाल न होताच वितळून गळते. लाल तं झालंच नाही ना!

कांता म्हणे, "सुपेल्याच्या बाजारात ॲल्युमिनियमवाला आहे, त्याले द्या." मी म्हणलं, मी? प्लांटचा वेल्डर? अन् गंज-बगोन्यासारखे भांडे जोडणाऱ्याच्या दुकानापुढे नाव घेऊन उभा राहू? नाक कापलं जाईन माह्यं! मंग भोकावर लोखंडाची प्लेट ठेवली, बोल्ट कसले, खालून सायकलच्या ट्यूबचं रबर, वरून डांबर. लोखंड होतं ना, म्हणून मले भरोसा.

तेवढ्यात तिच्या भाच्याचा, भूपेंद्रचा फोन. कळस निघाला म्हणे, आत्याले घेऊन लवकर या, पावसाच्या आधी. टेम्पोत नाव टाकली अन् निघालो. कांतानं ठेवणीतलं लुगडं नेसलं, मांडीवर नारळ. धरणावर नाव पाण्यात सोडली, मी इंजिनापाशी, भूपेंद्र पुढं. कळस इतका जवळ आला का त्यावर बसलेला बगळा दिसे. कांतानं हात पुढं केला, अन् माह्ये पाय ओले झाले. पाहतो तं बोल्टापासून पाणी! भूपेंद्रनं मागं येऊन इंजिन धरलं, नाव वळवली, मी डब्यानं पाणी उपसून राहिलो, उपसता उपसता बडबड करून राहिलो, का लोखंड असतं तं असं झालं नसतं, का या धातूले इमान नाही… कांतानं पुढं केलेला हात मागं घेतला. नारळ तसाच मांडीवर.

वापस येता येता इचारलं, रागावली का वं? म्हणे, "नाही." तोंडाकडे पाह्यलं. राग नाही, रडू नाही. म्हणे, "पुढच्या साली जाऊ, काय घाई आहे." घरी येऊन तो नारळ देवाजवळ ठेवला अन् पोळ्या लाटाले बसली.

अन् तुमाले सांगतो, भेव वाटलं मले. नाव बुडताना नाही वाटलं, ते तेव्हा वाटलं. कारण लोखंडासंगं जलम गेला माह्या, अन् घरात… घरात तं हे दुसरंच निघालं! इतकी वर्षं मी तिचा रंग पाहून राहिलो. लाल होईन तेव्हा पाहू, सांगन तेव्हा पाहू. अन् ते लाल होतच नाही. सरळ गळते.

भूपेंद्र म्हणते, कळस अजून आठ-दहा दिवस वर राहीन. उद्या सकाळीच नाव हातगाडीवर घालून सुपेल्याले नेतो. तेजराम म्हणे, "पूरा सेक्टर हसेगा." हसू दे ना बापा. नाक तं कापलं जाईनच…

वेल्डर आहो, घरी येऊन जोडून घेईन.