आईचं नेलपॉलिश

आई: ...आणि तुझ्या या कातडीच्या दवाखान्यात बाहेर बसलेत त्यांना पेशंट म्हणायचं होय? मला वाटलं, फोटो काढायला आलेत. एकीच्या चेहऱ्यावर पुटकुळी औषधालाही नाही, आणि मांडीवर फाईल ही एवढी!

मुलगी: त्या फाईलवालीला काय त्रास आहे ते कपड्यांवरून दिसत नाही. तू बस. तिथे नाही आई, ती माझी खुर्ची आहे.

आई: सवय गं. आयुष्यभर टेबलाच्या त्याच बाजूला बसले.

मुलगी: आज या बाजूला बस. काय होतंय?

आई: केस गळतात. कंगव्यात पुंजके येतात नुसते. लिहून दे काहीतरी. तेल, गोळ्या, तुमच्यात जे काही चालतं ते. मला फार वेळ नाही.

मुलगी: निवृत्त बाईला कसली घाई? दिव्याखाली ये. मान खाली घाल.

आई: मी? मान खाली घालू?

मुलगी: केस डोक्यावर असतात, आई. मला त्याला इलाज नाही.

आई: आई गं! उपटायला नाही आले मी.

मुलगी: हलक्या हाताने ओढलं तरी एवढे आले, बघ. टोकाला पांढरा ठिपका दिसतोय ना? मुळासकट सुटलेत. हे वयाचं गळणं नाही. असे केस एकदम जातात तेव्हा कारण आधीच घडून गेलेलं असतं, दोन-तीन महिन्यांपूर्वी. ताप आला होता?

आई: नाही.

मुलगी: जेवण कमी केलंस?

आई: मला काय धाड भरलीये!

मुलगी: मग काळजी. कशाची तरी जबरदस्त काळजी लावून घेतलीयेस तू.

आई: काळजी करायला मला आहे कोण? तुझे बाबा फोटोत, तू या दुकानात. काय पण विद्या! केसावरून मनातलं सांगतात. पोपट पण ठेव एक, चिठ्ठी काढायला.

मुलगी: हात दाखव. नखं बघू.

आई: केसांसाठी नखं?

मुलगी: दोन्ही आमच्याच खात्यात येतात. हं, हाताची ठीक आहेत. बूट काढ.

आई: पायाला केस आहेत का माझ्या?

मुलगी: भर दुपारी मोजे घालून आलीयेस. तू, जी मोज्यांना ‘पायाची घाण साठवायच्या पिशव्या’ म्हणतेस. काढ.

आई: पाय ठणठणीत आहेत. चिठ्ठी लिही आणि मोकळं कर मला.

मुलगी: मग सिस्टरना बोलावते. त्या काढतील.

आई: मला धमकी देतेस?

मुलगी: हो.

आई: घे. काढले. बघ आणि कर समाधान.

मुलगी: ...आई, हे काय? नेलपॉलिश?

आई: का? तुझ्याकडच्या भवान्या लावत नाहीत?

मुलगी: तू लावलंस? कॉलेजच्या गॅदरिंगला मी एकदा लावलं होतं, तर रात्री ब्लेडने खरवडून काढलं होतंस. ‘असली नखं घेऊन माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये पाऊल टाकायचं नाही.’ मी तेव्हा बारावीतसुद्धा नव्हते.

आई: निवृत्त झाल्यावर माणसाने हौस करू नये?

मुलगी: हौस अशी थापलेली नसते. ओल आलेल्या भिंतीवर घरमालक रंग फासतो तसा फासलायस. सिस्टर! नेलपॉलिश काढायची बाटली आणा जरा. कापूस पण.

सिस्टर: आणते मॅडम... हे घ्या. अय्या, रंग काय गोड आहे हो आजी! मुलीने आणून दिला वाटतं?

आई: आजी कोणाला म्हणतेस गं? मी तीस वर्षं सर्जन होते.

सिस्टर: सॉरी हं. मला काय, आमच्या मॅडम घरचं कधी काही बोलतच नाहीत.

मुलगी: सिस्टर, तुम्ही बाहेर थांबा. मी पुसते.

आई: सावकाश. झोंबतंय ते.

मुलगी: धड नखाला झोंबत नाही. हात काढ मधून.

आई: बाकीच्या बोटांचं राहू दे.

मुलगी: बाकीच्यांचं राहू दिलंय. ती फक्त सोबतीला रंगवलीयेस, ते कळलं मला. अंगठ्याची ही रेघ कधीपासून आहे?

आई: रेघ कसली? रक्त साकळलंय. पायावर इस्त्री पडली होती.

मुलगी: कधी पडली?

आई: मागच्या वर्षी कधीतरी.

मुलगी: साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. मागच्या वर्षीचं असतं तर आत्ता टोकाला असतं, मागे स्वच्छ नख आलं असतं. ही मुळापासून निघालीये. मुळाशी रुंद आहे. आणि इथे नखाच्या मागच्या कातडीवर काळं उतरलंय.

आई: ते दिसलंय मला.

मुलगी: कधी दिसलं?

आई: केस गळायच्या आधी. झालं समाधान?

मुलगी: म्हणजे तू सर्जन, तुला काळं पसरताना दिसलं, आणि तू जाऊन रंगाची बाटली आणलीस. तुझ्या एखाद्या पेशंटने असं केलं असतं तर भर वॉर्डात त्याची साल काढली असतीस.

आई: पोटातलं विचार, छातीतलं विचार, झोपेत सांगेन. नख! नखाचं काय शिकवलं होतं आम्हाला? कुजलं की उपटायचं, एवढंच. मला वाटलं, सरकेल.

मुलगी: रोज बघत होतीस?

आई: दिवसातून दोनदा. मग बघवेना, म्हणून रंग लावला. आता असं तोंड करून बसू नकोस. जो शब्द तुझ्या जिभेवर आहे तो बोल.

मुलगी: कॅन्सर असू शकतो. नसूही शकतो. नखाच्या मुळातला तुकडा तपासल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

आई: शाब्बास. एवढं बोलायला केवढा वेळ घेतलास.

मुलगी: घेतला. आई आहेस तू माझी. कितीही ठरवलं तरी ते काही जात नाही. मी फोन करते तुझ्या हॉस्पिटलमध्ये. आजच बघतील.

आई: नाही.

मुलगी: तिथले सगळे तुझ्या हाताखाली तयार झालेत.

आई: म्हणूनच नाही. ज्या पोरांना मी गाढव म्हणून शिकवलं ती आता साहेब झालीत. त्यांच्यासमोर टेबलावर आडवी पडू? ती मला ‘मॅडम, काही होणार नाही हं’ म्हणणार. त्यापेक्षा अंगठा कुजला तरी चालेल.

मुलगी: आणि माझ्यासमोर पडलेली चालेल?

आई: तुझं मत मी कधी विचारात घेतलंय? तुझ्यासमोर पडलं काय आणि भिंतीसमोर पडलं काय.

मुलगी: वा! म्हणजे माझ्याकडे यायचं हे कारण. मी क्षणभर काहीतरी वेगळंच समजत होते.

आई: तू नेहमीच वेगळं समजतेस. तुला वाटायचं, तुला सर्जन व्हायचंय.

मुलगी: मला नाही, तुला वाटायचं. आणि त्या दिवशी पेशंटचं पोट उघडं असताना तूच ओरडलीस, ‘हिला बाहेर काढा, हात थरथरतोय हिचा.’ भूलवाल्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांसमोर. वर म्हणालीस, ‘ही आयुष्यभर कातडीच्या वरवरच काम करणार.’

आई: खोटं ठरलं का ते?

मुलगी: नाही. पण मी ज्यांना बघते ते जागे असतात, आई. माझ्याकडे बघत असतात. तू माणसाशी नीट वागायचीस ते त्याला भूल दिल्यावरच.

आई: झालं भाषण? आता तुकडा घेणार आहेस की मी जाऊ?

मुलगी: मी आईवर ब्लेड चालवू नये. कोणीही हेच सांगेल.

आई: कोणीही कोण? मला अंगठा दाखवायला दुसरं माणूस नाही. मी मोजे घालून, चौकातून दोनदा मागे फिरून इथवर आलेय. तिसऱ्यांदा मागे फिरले तर पुन्हा यायची नाही, सांगून ठेवते.

मुलगी: ...सिस्टर, शेजारची खोली तयार करा. आणि फाईलवाल्या ताईंना सांगा, जरा वेळ लागेल, पण मी त्यांना बघितल्याशिवाय जाणार नाही.

(शेजारची छोटी खोली. आई टेबलावर आडवी, मुलगी तिच्या पायापाशी स्टुलावर.)

मुलगी: बोटाच्या दोन्ही बाजूंना इंजेक्शन देतेय. दुखेल.

आई: मला शिकवू नको... आई गं! सुई आहे की दाभण?

मुलगी: सगळ्यांत बारीक आहे. बाहेरच्या त्या ‘फोटो काढायला आलेल्या’ चेहऱ्यावर हीच घेतात, आवाज न करता.

आई: बधिर झालंय का, बघ आधी. चिमट्याने बघ.

मुलगी: केव्हाचं चिमट्यातच धरलंय. तुला कळलंसुद्धा नाही.

आई: नखाच्या मुळाशी पुरेसं घे. भीत भीत वरवरचं खरवडलंस तर रिपोर्ट अर्धवट येईल आणि पुन्हा कापावं लागेल.

मुलगी: माहितीये.

आई: डबीवर नाव नीट घाल. बाजू पण लिही, उजवा पाय. तुमच्यासारख्यांच्या डब्या हरवतात.

मुलगी: आई, आता बोलू नकोस.

आई: रिपोर्ट वाईट आला तर मला तूच सांगायचं. त्या अय्या म्हणणाऱ्या पोरीकडून नाही.

मुलगी: मीच सांगेन. नख उचलतेय आता.

आई: थांब. थांब जरा. वाटलंच होतं मला. बघ, हात थरथरतोय तुझा. त्या दिवशी पण अस्साच...

मुलगी: मान वर करून नीट बघ. माझा हात टेबलाला टेकलाय. थरथरतोय तो तुझा पाय. थांबू का?

आई: थांबतेस काय? घट्ट धर ना मग.