बाहेरून कल्हई

एकाहत्तर साली घरात स्टीलची भांडी असणं म्हणजे मोठेपणा. श्रीरामपूरला एसटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघीजणी बोलत होत्या.

"गोजराक्का, पोरीला बघाया पाव्हनं येनार म्हनून पितळंच्या भांड्यांना भाईरून कथलाची कल्हई केली. दिसाया स्टीलच!"

"आन् आतून?"

"आत कोन बघतंय?"

"अगं येडे, आत कल्हई नसली की ताक कळकतं!"

"कळकलंच. पाव्हनं तोंड वाकडं करून प्यालं."

"मंग, सोयरीक मोडली?"

"न्हाई वं! म्हनले, एवढं स्टील पोरीसंगं पायजे."

"आगं बया! राखेनं घासली की कल्हई जानार."

"पोरीला बजावलंय, भांड्याला सासूचा हात लागू देऊ नको."

"सासू म्हनंल, सून लई कामाची मिळाली!"