मर्जीचा रकाना

(हैदराबादच्या काचीगुड्यातली एक खोली. १९५६चा सप्टेंबर, दुपार.)

सरोज : थांबा ना आबा, पुढं ऐका तर! 'वेठ म्हणजे मोबदला न देता सक्तीनं करून घेतलेलं काम. मूळ संस्कृत शब्द विष्टि.' आणि आमच्या वर्गातली सत्यवती म्हणते, तेलुगूत वेट्टी! उद्या शाळेच्या भित्तिपत्रकात लागणार हे. आता फक्त शब्दाचा वापर राहिला.

तातेराव : वापर? माझाच झालाय की.

सरोज : म्हणजे?

तातेराव : तुझ्याएवढा होतो. गावात अंमलदार आला की चावडीवरून हाक यायची, 'तात्या, वळकटी उचल.' ती डोक्यावर घेऊन शिवेपर्यंत न्यायची. तिथं पुढच्या गावचा माणूस उभा. त्याच्या डोक्यावर द्यायची नि मागं फिरायचं.

सरोज : रिकाम्या हातांनी?

तातेराव : लई हलके व्हायचे हात. आपोआप वर यायचे, पाण्यावर तरंगल्यावानी. पाय भुईला लागतायत का नाही, कळायचं नाही. मग मी शिवेवरच बसून राहायचो, पलीकडं बघत.

सरोज : काय होतं पलीकडं?

तातेराव : काय असणार? तसलीच ज्वारी. पण तिकडं मला हाक मारणारं कुणी नव्हतं.

सरोज : आबा, हे सगळं मी लिहिणार! अन् तुमचा तो कचेरीतला फॉर्म? उद्या शेवटचा दिवस ना? मराठवाडा मुंबई राज्यात चालला, तुम्हाला नोकरी कुठं करायची ते विचारलंय. दाखवा बघू… अय्यो! मर्जीच्या रकान्यात हे काय? 'जैसी सरकार की मर्जी'?

तातेराव : मग? सरकारला काय लिहितात?

सरोज : त्यांनी तुमची मर्जी विचारली, तर तुम्ही ती त्यांनाच परत केलीत! खोडा ते. औरंगाबाद लिहा. तिथं सगळ्या दुकानांच्या पाट्या मराठीत असतील. मी तर रोज स्वप्नात तिथं सायकलवर फिरते, आबा, आणि एकेक पाटी मोठ्यानं वाचते! लिहा ना. लवकर!

तातेराव : सरू, ही हाक झाली गं.

(सरोज फॉर्म त्यांच्यासमोर ठेवते.)

तातेराव : रागावलीस?

सरोज : नक्को, काही बोलू नका. चुकलं माझं. मी भिंतीकडं तोंड करून बसते. तुम्ही लिहा.

तातेराव : पण तुझ्या मनात औरंगाबाद आहे.

सरोज : माझ्या मनाचा रकाना या फॉर्मात नाहीये.

तातेराव : हात बघ कसा हलका झालाय…

सरोज : बघणार नाही म्हटलं ना!

तातेराव : बरं. झालं. वळ आता.

सरोज : है… द… रा… बाद.

तातेराव : अक्षर जरा हललंय.

सरोज : हलू दे, आबा. तुमचं आहे.